पहिलं डायव्हिंग उथळ प्रवाळावर (हॅवलॉक, अंदमान): माहिती आणि शंका

दर्यासारंग

"अंदमानला चाललोय, पोहता येत नाही, स्कूबा जमेल का?" हा प्रश्न सीझन सुरू झाला की दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या धाग्यावर येतो. उत्तरं विखुरलेली आहेत, म्हणून एका जागी लिहितोय. ज्यांना पक्कं माहीत आहे त्यांनी भर घालावी. "आम्हाला फार मज्जा आली" छापाचे प्रतिसाद सहलीच्या धाग्यावर टाकावेत ही विनंती.

हॅवलॉक आणि नील ही बेटं डिसेंबर २०१८ पासून कागदोपत्री स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप आहेत. बोलण्यात जुनीच नावं चालतात, इथेही तीच वापरतो.

सर्टिफिकेट नसलेल्यांसाठी असते ती 'डिस्कव्हर' किंवा 'ट्राय' डाइव्ह. कमाल खोली १२ मीटर, किमान वय १० वर्षं, इन्स्ट्रक्टर कायम हाताच्या अंतरावर. हॅवलॉकला यासाठी बहुतेकांना निमो रीफवर नेतात. वाळूवरून चालत पाण्यात शिरायचं, कमरेएवढ्या पाण्यात सराव करायचा आणि तिथूनच हळूहळू प्रवाळाकडे सरकायचं. जॉनीज गॉर्ज, डिक्सन्स पिनॅकल ही नावं फोटोंखाली दिसतात, पण त्या खोल जागा आहेत आणि तिथे प्रवाहही असतो. नवख्याला तिथे न्यायला कुणी तयार झालं तर ते सेंटर टाळा.

उथळ जागेचे फायदे खरे आहेत. पाणी लाल रंग सगळ्यात आधी गिळतं. पाचेक मीटरनंतर लाल फिका पडायला लागतो आणि आणखी खाली सगळंच निळसर-राखाडी दिसतं, म्हणून प्रवाळाचे रंग उथळातच पाहावेत. खोल गेलं की श्वासातला नायट्रोजन दाबामुळे रक्तात जास्त विरघळतो, उथळात त्याचंही ओझं कमी. डाइव्ह टेबलाप्रमाणे १० मीटरवर २१९ मिनिटं आणि १२ मीटरवर १४७ मिनिटं डिकम्प्रेशन थांब्याशिवाय (म्हणजे तो नायट्रोजन निघून जावा म्हणून वर येताना वाटेत न थांबता) राहता येतं, आणि त्याच्या कितीतरी आधी तुमची हवा संपते.

पण 'उथळ म्हणजे सोपं' हे समीकरण चुकीचं आहे. दाब सगळ्यात झपाट्याने बदलतो तो पहिल्या १० मीटरमध्येच. पृष्ठभागावर १ बार (दाबाचं एकक), १० मीटरवर २ बार, म्हणजे सरळ दुप्पट. पुढे २० ते ३० मीटर या टप्प्यात तो ३ वरून ४ होतो, जेमतेम तेहतीस टक्के वाढ. पहिली डाइव्ह बिघडते ती कानांमुळे किंवा तरंगण्याचा तोल न साधल्यामुळे, आणि या दोन्ही गोष्टी वरच्या पाच मीटरमध्येच छळतात. धाग्यात भर त्यांच्यावरच असू द्या.

कानगोष्ट

कानांचं मी लिहिते.

पडद्यामागच्या पोकळीत हवा असते आणि ती पोकळी एका बारीक नळीने घशाच्या मागच्या भागाला जोडलेली असते. खाली जाताना बाहेरचा दाब वाढतो, पडदा आत ढकलला जातो. नळी उघडून घशातली हवा आत सोडली की दोन्ही बाजू समान होतात. यालाच 'इक्वलाइझ करणं' म्हणतात.

बहुतेक जण दुखायला लागल्यावर नाक दाबतात, तोवर उशीर झालेला असतो. मीटर-सव्वा मीटर न उघडता खाली गेलात तर नळीचं तोंड दाबानेच मिटतं, मग कितीही जोर लावा, उघडत नाही. म्हणून क्रम असा ठेवा:

पाण्याच्या वर असतानाच एकदा इक्वलाइझ करा. पाय खाली, डोकं वर अशा स्थितीत उतरा, उलटं नाही. पहिले पाच मीटर दर अर्ध्या मीटरला, कान काही म्हणत नसला तरीही. मास्कच्या नाकावर चिमूट धरून हलकेच नाकातून हवा सोडायची. शिंकरल्यासारखा जोर लावायचा नाही, आतल्या कानाला इजा होऊ शकते. नाक धरून आवंढा गिळणं ही दुसरी पद्धत, ती काहींना जास्त सोपी जाते. एक कान उघडला आणि दुसरा अडला तर अडलेला कान वरच्या बाजूला येईल अशी मान कलती करा.

दुखलं तर तिथेच थांबून जोर लावू नका. हाताने कानाकडे बोट दाखवा, तळवा डगमगता हलवा (म्हणजे 'गडबड आहे'), मीटरभर वर या, परत प्रयत्न करा. दोन-तीनदा करूनही उघडत नसेल तर त्या दिवशी डाइव्ह नाही. दोन-तीन मीटरवरही पडदा फाटू शकतो. फाटला की थंड पाणी मधल्या कानात शिरतं आणि गरगरायला लागतं. पाण्याखाली वर कुठे, खाली कुठे तेच कळत नाही, खरा धोका तो आहे.

सर्दी असेल तर सरळ नाही म्हणा. नाक मोकळं करणाऱ्या गोळ्या घेऊन उतरणं हा तर आणखी वाईट उपाय. औषधाचा असर पाण्याखाली असतानाच ओसरला तर आत फुगलेली हवा वर येताना बाहेर पडत नाही, आणि वर तर यावंच लागतं. खाली न जाणं आपल्या हातात असतं, वर न येणं नसतं.

वेंगुर्लेकर_बाबा

हे सगळं मालवणात का सांगत नाहीत? पाचशे माणसं रोज उतरतात तिथे.

दर्यासारंग

पाचशेचा आकडा तुमचा, बाबा.

सांगणारेही आहेत. तारकर्लीला एमटीडीसीची डायव्हिंग संस्था आहे, तिथे रीतसर कोर्स होतात. पण सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास खडकांवर पर्यटकांना जे १५-२० मिनिटांचं 'स्कूबा' मिळतं, त्यात माणसाला सिलेंडरच्या मानेला धरून खाली नेतात, फोटो-व्हिडिओ काढतात आणि वर आणतात. त्यात हाताचे इशारे सोडून फारसं शिकवत नाहीत. खोली पाच-सात मीटर, म्हणजे कानाचा सगळा त्रास त्याच टप्प्यात. तिथे जायचंच असेल तर इक्वलाइझ करायला वेळ मिळणार का, हे बोटीवरच विचारून घ्या आणि "सावकाश खाली न्या" हे दोनदा सांगा.

दुसरा फरक पाण्याचा. मालवणला चांगल्या दिवशीही अंदमानसारखी नितळता मिळत नाही, गाळ असतो. प्रवाळ आहे, पण खडकावर तुकड्या-तुकड्याने. सलग प्रवाळाची चौकट पाहायची असेल तर अंदमान किंवा लक्षद्वीप. बाकी मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ सालचं आहे आणि तिथला मासा बघण्यासारखा आहे यात वाद नाही.

सुरमई

तोल सांभाळणं (बॉयन्सी) हा विषय मी घेते, कारण प्रवाळ मोडतो तो यामुळेच.

आकडे बघा. बीसीडी, म्हणजे हवा भरता येणारं जाकीट. त्यात ४ मीटरवर २ लिटर हवा आहे. तुम्ही २ मीटरवर आलात की दाब १.४ वरून १.२ बार होतो आणि तीच हवा २.३३ लिटर होते, १७ टक्के वाढ. तेवढंच अंतर २० वरून १८ मीटर असं आलात तर वाढ फक्त ७ टक्के. म्हणजे उथळात जरा वर सरकलं की जाकीट फुगतं, फुगलं की आणखी वर नेतं, घाबरून माणूस सगळी हवा सोडतो आणि धपकन प्रवाळावर बसतो. मग पाय झाडतो. फांद्यांचा प्रवाळ उत्तम परिस्थितीत वर्षाला १०-१५ सेंटिमीटर वाढतो, आणि गोल दगडासारखा दिसणारा पोराइटीस वर्षाला साधारण एकच सेंटिमीटर. एका लाथेत किती वर्षं गेली याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

डिस्कव्हर डाइव्हला जाकिटाचं बटण इन्स्ट्रक्टरच्या हातात असतं. तुमच्या हातात असतो तो श्वास. एक लिटर जास्तीची हवा छातीत घेतली की साधारण एक किलो उचल मिळते. पण ती लगेच जाणवत नाही, तीन-चार सेकंदांनी जाणवते. नवखा तेवढा धीर धरत नाही, 'काही होत नाही' म्हणून पाय मारतो आणि तोवर उचलही लागते, मग दोन्ही मिळून वर. समोर उंचवटा आला तर दोन-तीन हात आधी सावकाश मोठा श्वास घ्या, शरीर आपोआप वर येईल. उंचवटा ओलांडला की पूर्ण सोडा.

श्वास रोखायचा मात्र कधीच नाही. भरलेल्या छातीने श्वास अडवून मीटर-सव्वा मीटर वर आलं तरी फुप्फुसाला इजा होऊ शकते. पहिल्या डाइव्हला फक्त एकच नियम लक्षात राहणार असेल तर हा राहू द्या. रेग्युलेटर (सिलेंडरची हवा ज्यातून ओढतो ते तोंडात धरायचं उपकरण) तोंडात नसेल तेव्हासुद्धा ओठांतून बारीक बुडबुडे सुटत राहिले पाहिजेत.

वजन: ३ मिलिमीटरचा वेटसूट आणि खारं पाणी धरून ६०-७० किलोच्या माणसाला ४ ते ६ किलो शिसं लागतं. अंदाजपंचे जास्त बांधतात, कारण जड माणूस लवकर खाली जातो आणि सेंटरचा वेळ वाचतो. पण जास्त शिसं म्हणजे जाकिटात जास्त हवा, आणि जास्त हवा म्हणजे वर सांगितलेला सगळा तमाशा. तपासायची पद्धत अशी: छाती-गळ्याएवढ्या पाण्यात जाकीट पूर्ण रिकामं, साधा श्वास आत, पाय स्थिर. पाण्याची पातळी डोळ्यांच्या रेषेला यायला हवी. श्वास सोडला की हळूच बुडायला हवं. भरलेल्या सिलेंडरवर तपासत असाल तर त्यावर सुमारे २ किलो वाढवा.

एकादशी

तपासल्यावर परत २ किलो कशाला?

सुरमई

कारण हवेला वजन असतं. सगळीकडे वापरतात तो अ‍ॅल्युमिनियमचा सिलेंडर ११.१ लिटरचा, २०० बारला भरलेला. म्हणजे साधारण २२०० लिटर हवा, आणि तिचं वजन अडीच किलोच्या वर. सुरुवातीला हा सिलेंडर पाण्यात किंचित बुडतो आणि रिकामा होत आला की तरंगायला लागतो. सुरुवातीला बेताचं वजन असेल तर शेवटी, नेमके उथळात असताना, तुम्ही फुग्यासारखे वर निघता.

निवांत_पाटील

हवा किती पुरते याचाही हिशेब इथेच देतो.

नवखा माणूस पृष्ठभागाच्या दाबाने मिनिटाला २०-२५ लिटर हवा ओढतो. ६ मीटरवर दाब १.६ बार, म्हणजे २५ ला ४० लिटर. २०० बारवरून ५० बारवर यायचं (खालचे ५० राखीव, त्याला हात लावायचा नाही), म्हणजे वापरायला १५० गुणिले ११.१, सुमारे १६६५ लिटर. भागिले ४०, झाली एक्केचाळीस मिनिटं. तीच डाइव्ह १२ मीटरवर केली तर ५५ लिटर प्रतिमिनिट, तीस मिनिटांत खेळ खल्लास. घाबरलेला माणूस याच्या दुप्पटही ओढतो. म्हणून ज्याला जास्त वेळ मासे बघायचेत त्याने खोली मागू नये.

उतरण्याआधी स्वतः करता येईल अशी एक तपासणी. गेजकडे (सिलेंडरमधला दाब दाखवतं ते) बघत रेग्युलेटरमधून चार मोठे श्वास घ्या. काटा स्थिर राहिला पाहिजे. प्रत्येक श्वासाला काटा खाली जाऊन परत वर येत असेल तर सिलेंडरचा वाल्व पूर्ण उघडलेला नाही. वर हे चालून जातं, पण खाली दाब वाढला की हवा कमी पडते. हवेला वास किंवा चव असता कामा नये. तेलकट किंवा धुरकट लागली तर तो सिलेंडर बदलून मागा, भीड बाळगू नका. कॉम्प्रेसर नीट नसल्याची ती खूण आहे.

आणि दुसरं रेग्युलेटर, पिवळ्या नळीचं, ज्याला ऑक्टोपस म्हणतात, ते इन्स्ट्रक्टरच्या अंगावर कुठे अडकवलंय ते बघून ठेवा. बोटीवर किंवा किनाऱ्यावर ऑक्सिजनचा संच आहे का, हे विचारलं तर चांगलं सेंटर आनंदाने दाखवतं.

मीठभाकर

इशाऱ्यांचं कुणी लिहिलं नाही. अंगठा वर म्हणजे 'मस्त' नव्हे! अंगठा वर म्हणजे 'वर चला'. इन्स्ट्रक्टर विचारतो 'ठीक?', पर्यटक उत्साहाने अंगठा दाखवतो आणि डाइव्ह चौथ्या मिनिटाला आटोपते. 'ठीक' म्हणजे अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ. हवा कमी म्हणजे मूठ छातीशी. हवा संपली म्हणजे गळ्यावरून आडवा हात.

चष्मेबद्दूर

चष्मा असणाऱ्यांसाठी काय? उणे साडेतीन नंबर आहे. शिवाय मिशी आहे, मास्क गळतो म्हणतात.

दर्यासारंग

चष्म्यावर मास्क बसत नाही, काड्यांमुळे कडेने पाणी येतं. नंबरचे मास्क मिळतात, साधारण अर्ध्या-अर्ध्या नंबराच्या अंतराने. पाण्याखाली वस्तू तेहतीस टक्के मोठ्या आणि पाव अंतराने जवळ दिसतात, त्यामुळे मास्कचा नंबर तुमच्या नंबरापेक्षा ०.५ ने कमी असला तरी चालून जातं. सेंटरकडे असे मास्क एखाद-दुसरेच असतात, आधी फोन करून राखून ठेवायला सांगा. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स चालतात, शक्यतो रोज फेकायच्या. मास्कमध्ये पाणी आलं की मात्र डोळे मिटायचे.

मिशीचं खरं आहे. नाकाखालची दोन-चार मिलिमीटरची पट्टी साफ करा, बाकी मिशी शाबूत राहू द्या. तरीही थोडं पाणी येणारच, ते काढायचं तंत्र सगळ्यांनाच लागतं: मान किंचित वर, मास्कची वरची कड कपाळावर दाबा, नाकातून सलग श्वास सोडा. पाणी खालून निघून जातं. लोक चुकतात ते खालची कड दाबून धरतात किंवा नाकाने आधी आत ओढतात, आणि मग ठसका. तोंडाने आत, नाकाने बाहेर, हे कमरेएवढ्या पाण्यात दहा वेळा घोटा.

नवीन मास्क विकत घेतला असेल तर काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो. साधी पांढरी टूथपेस्ट आतून चोळून धुवा, नाहीतर सारखं धुकं धरतं. रोजचं धुकं थुंकीने जातं. किळस वाटत असेल तर बेबी शॅम्पूचा एक थेंब.

वेंगुर्लेकर_बाबा

पोहता येत नसेल तर चालतं हे कितपत खरं? माझ्या मते ही शुद्ध धंदेवाईक थाप आहे.

निवांत_पाटील

डिस्कव्हर डाइव्हला पोहण्याची परीक्षा नसते, त्यामुळे नियमात बसतं. रीतसर ओपन वॉटर कोर्सला असते: २०० मीटर पोहणं, वेळेचं बंधन नाही, आणि १० मिनिटं तरंगणं.

पण बाबांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पोहणाऱ्याला पाणी नाकातोंडात गेलं तर त्रास होतो, न पोहणारा घाबरतो. घाबरलेल्या माणसाची पहिली हालचाल म्हणजे रेग्युलेटर काढून वर झेप घेणं, आणि वर सुरमईंनी लिहिलेला श्वास रोखण्याचा धोका तिथेच आहे. न पोहणाऱ्याने आदल्या दिवशी एलिफंट बीचला लाइफ जॅकेट घालून तासभर स्नॉर्केलिंग करावं. तोंड पाण्यात ठेवून, नळीतून श्वास घेत, पाच मिनिटं शांत राहता आलं तर डाइव्ह करा. नाहीच जमलं तर पैसे वाचले समजा. पूर्ण चेहरा झाकणारे स्नॉर्केल मास्क मात्र नकोत. त्यात वापरलेली हवा साठू शकते आणि नाक दाबता येत नाही.

सुरमई

एक मतभेद. इन्स्ट्रक्टरने पूर्ण वेळ धरून ठेवावं का? न पोहणाऱ्याला धरावंच. पण ज्याला जमतंय त्याला शेवटची दहा मिनिटं सोडायला सांगा, वाळूच्या पट्ट्यावर, प्रवाळावर नव्हे. नाहीतर पैसे देऊन आपण फक्त सामान होतो. एका इन्स्ट्रक्टरमागे एकच माणूस मिळत असेल तर तेच घ्या.

कानगोष्ट

वैद्यकीय फॉर्मवर सगळीकडे 'नाही' अशी खूण करायची सवय सोडा. २०२० मध्ये आलेल्या फॉर्मवर सुरुवातीला दहा प्रश्न आहेत. त्यात ४५ च्या वर वय आहे का असाही एक आहे. 'हो' असेल तर पुढच्या चौकटीत रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान, घरातला हृदयविकार. त्यातही 'हो' आलं तर डॉक्टरची सही लागते. ही सही मुंबई-पुण्याहून निघतानाच घ्या, बेटावर ऐनवेळी धावाधाव होते. दमा, फिट्स, कानाचं किंवा छातीचं ऑपरेशन, हृदयविकार यात स्वतःच्या मनाने ठरवू नका. गरोदरपणात अजिबात नाही.

बोट लागणाऱ्यांनी अ‍ॅव्होमिनसारखी गोळी पहिल्यांदा डाइव्हच्याच दिवशी घेऊ नये, गुंगी येते. आधी घरी घेऊन बघा, नाहीतर किनाऱ्यावरून उतरायची डाइव्ह निवडा. सकाळी इडली-उपमा चालेल, पुरी-भाजी नको.

एकादशी

मुलगी ११ वर्षांची आहे, धाकटा ८ चा. दोघांना नेता येईल?

दर्यासारंग

मुलगी जाऊ शकते. मास्क आणि जाकीट तिच्या मापाचं आहे का ते आधी बघा. मोठ्यांचं जाकीट आवळून घातलं की वर सरकून हनुवटीला लागतं. मुलांच्या कानाच्या नळ्या अरुंद असतात, त्यामुळे त्यांना आणखी सावकाश उतरवावं लागतं. आणि निर्णय तिचा. तिने 'नको' म्हटलं तर तिथे विषय संपला. आठ वर्षांच्यासाठी तरणतलावात २ मीटरपर्यंतचा वेगळा कार्यक्रम असतो, समुद्रातली डाइव्ह नाही. त्याला काठावर स्नॉर्केलिंग करू द्या.

निवांत_पाटील

भरती-ओहोटीचं राहिलंच. हॅवलॉकच्या पूर्व किनाऱ्यावर ओहोटीला पाणी लांब ओसरतं, प्रवाळाचा सपाट भाग जवळजवळ उघडा पडतो. किनाऱ्यावरून उतरायची डाइव्ह भरतीच्या आसपासच होते, त्यामुळे सेंटर 'सकाळी सहाला या' म्हणालं तर ते उगाच नाही. शिवाय तिथे घड्याळ आपलंच असलं तरी सूर्य हिवाळ्यातही साडेपाचच्या सुमारास उगवतो आणि पाच-सव्वापाचला मावळतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जास्त चढतं-उतरतं, ओढही जास्त. भांगाच्या दिवसांत (भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा) पाणी शांत आणि गाळ कमी. तारखा हाताशी असतील तर सप्तमी-अष्टमीच्या आसपासचे दिवस धरा. आपल्या कोकणचं 'तिथीला पाऊण' गणित (तिथी गुणिले पाऊण म्हणजे भरतीची वेळ) मात्र तिथे लावू नका, वेळा वेगळ्या आहेत. तिथलं भरतीचं कोष्टकच बघा.

हंगाम नोव्हेंबर ते मे. समुद्र सगळ्यात निवळ साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. पाणी २७ ते ३० अंश, थंडी नाही, पण पाऊण तास पाण्यात राहिलं की कुडकुडायला होतं. ३ मिलिमीटरचा सूट अंगाला घट्ट बसणारा मागा, ढगळ सूट घालून उपयोग नाही.

मीठभाकर

खाली काय चावतं, काय नाही?

सुरमई

चावणाऱ्यांपेक्षा टोचणारे जास्त. पाण्यात शिरताना आणि बाहेर पडताना पाय उचलून टाकू नका, वाळूत घासत चला. निळ्या ठिपक्यांचा पाकट (स्टिंग रे) वाळूत दडलेला असतो, घासण्याने तो आधीच निघून जातो. दगडमासा दगडासारखाच दिसतो, म्हणून जाड तळव्याचे बूट. दगडमासा, सिंहमासा किंवा पाकटाचा काटा लागला तर सोसवेल तेवढ्या गरम पाण्यात (साधारण ४५ अंशांपर्यंत) तो भाग अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायचा. उष्णतेने वेदना उतरते. पाणी किती गरम आहे ते चांगल्या हाताने तपासा, दुखऱ्या हाताला अंदाज येत नाही. मग दवाखाना.

पिवळसर-तपकिरी, टोकं पांढरी अशी फायर कोरल दिसेल. नाव कोरल, पण खरा प्रवाळ नाही. लागली की भाजल्यासारखी आग होते. खऱ्या प्रवाळाने खरचटलं तर जखमेत बारीक कण राहतात आणि ती आठवडाभर चिघळते. साबण आणि गोड्या पाण्याने मऊ ब्रशने घासून धुवा, नुसतं मलम लावू नका.

टायटन ट्रिगरफिश हा एकच मासा खरोखर अंगावर येतो, तोही घरट्यावर अंडी असताना. त्याचा इलाका घरट्यापासून वर पसरत जाणाऱ्या शंकूसारखा असतो, त्यामुळे वर पळालं तर आपण त्याच्याच हद्दीत राहतो. आडवं निघून जायचं, फिन्स (पायात घालायची वल्ही) त्याच्याकडे करून. पट्ट्यापट्ट्यांचा समुद्री साप विषारी असतो, पण स्वभावाने गरीब. धरायला गेला नाहीत तर तो तुमच्याकडे ढुंकूनही बघत नाही.

निमो, म्हणजे विदूषक मासा, बघायला सगळे जातात. तो समुद्रफुलाच्या (सी अ‍ॅनिमोन, ज्यात तो राहतो) बाहेर एका हातापेक्षा लांब जात नाही. त्यामुळे पाठलाग करायची गरजच नाही. दीड मीटरवर स्थिर राहा, अर्ध्या मिनिटात तो स्वतःच तपासायला बाहेर येतो. त्या थव्यातला सगळ्यात मोठा मासा मादी असते. ती गेली की सर्वांत मोठा नर मादी होतो.

दर्यासारंग

मगरीचाही उल्लेख करतो, कारण लोक विचारायला लाजतात. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. एप्रिल २०१० मध्ये हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्याजवळ स्नॉर्केलिंग करणारी एक परदेशी पर्यटक मगरीच्या हल्ल्यात मरण पावली. डाइव्हच्या प्रवाळावर मगरीशी गाठ पडणं फार दुर्मीळ. खारफुटीच्या खाडीची मुखं, पहाटे आणि तिन्हीसांजेचं पोहणं टाळा, आणि किनाऱ्यावर पाटी असेल तर ती शोभेची समजू नका.

चष्मेबद्दूर

हातमोजे घ्यावेत का? आणि सनस्क्रीन?

निवांत_पाटील

हातमोजे नकोत. बरीच सेंटरं घालूच देत नाहीत. हात सुरक्षित वाटला की माणूस हमखास प्रवाळाला धरतो. हात छातीशी जुळवून ठेवा. सनस्क्रीनऐवजी पूर्ण बाह्यांचा रॅश गार्ड (पाण्यात घालायचा घट्ट टी-शर्ट). चेहऱ्याला लावायचंच तर झिंक ऑक्साइडचं. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेलं नको. हवाईने या दोन घटकांच्या सनस्क्रीनची विक्री २०२१ पासून बंद केली.

शिंपला, मेलेल्या प्रवाळाचा तुकडा, काहीही उचलू नका. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. पोर्ट ब्लेअरच्या (आता कागदोपत्री श्री विजयपुरम) विमानतळावर सामान तपासतात.

एकादशी

प्रवाळ पांढरा पडलाय असं वाचलं. मग जाण्यात अर्थ आहे का?

सुरमई

पांढरा पडणं म्हणजे लगेच मरणं नव्हे. प्रवाळाच्या पेशीत सूक्ष्म शैवाल राहतं. ते अन्न देतं आणि रंगही देतं. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशभर जास्त तापून आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं की प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकतो. लवकर निवलं तर शैवाल परत येतं, नाहीतर प्रवाळ उपाशी मरतो आणि त्यावर हिरवट-तपकिरी लव चढते. अंदमानात १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये हे झालं. २०१० चा फटका मोठा होता. २०२४ मध्ये तर जगभरातल्या चौथ्या मोठ्या लाटेची घोषणा झाली. उथळ प्रवाळाला झळ आधी बसते, त्यामुळे निमो रीफवर मेलेल्या फांद्यांचा चुराडा दिसणार हे धरून चला. त्याच चुऱ्यावर नखाएवढ्या नव्या वसाहतीही दिसतात. त्या शोधायच्या असतील तर उपड्या बशीच्या आकाराचे छोटे गोल ठिपके बघत जा, कडेला फिकट रंगाची कड असते. वाढ तिथेच चाललेली असते. फिन्सने उडालेली वाळू त्यांच्यावर बसली की त्या गुदमरतात, म्हणून पाय गुडघ्यात वाकवून वर ठेवा, बेडकासारखी लाथ मारा.

मीठभाकर

शेवटचं. पोर्ट ब्लेअरहून परतीचं विमान दुपारी एकचं आहे. त्याच दिवशी सकाळी हॅवलॉकला डाइव्ह करून फेरीने गाठता येईल?

दर्यासारंग

फेरी गाठता येईल, विमानात बसता येणार नाही. उथळ डाइव्हमध्येही रक्तात थोडा नायट्रोजन विरघळतोच, आणि विमानाच्या केबिनमध्ये दाब कमी असतो. एकच डाइव्ह असेल तर किमान १२ तास, एकाहून जास्त डाइव्ह किंवा सलग दिवस असतील तर किमान १८ तास थांबायचं. डाइव्ह आदल्या दिवशी सकाळी करा, दुपारच्या फेरीने पोर्ट ब्लेअर, संध्याकाळी सेल्युलर जेलचा लाइट अँड साउंड, दुसऱ्या दिवशी एकचं विमान. समुद्र खवळला तर फेऱ्या रद्द होतात, त्यामुळे हॅवलॉकचा मुक्काम सहलीच्या सुरुवातीला ठेवलात तर आणखी बरं. आणि प्रवास विमा घेताना स्कूबा वगळलेलं नाही ना, हे पॉलिसीत वाचून घ्या. बऱ्याच पॉलिसी वगळतात.